स्वतःची स्पोर्ट्‌स कार स्वतः जोडताय? मग या चुका टाळा

नवी स्पोर्ट्‌स कार विकत घ्यायची आणि तिच्या जोडणीत स्वतःही हात घालायचा, अशी सोय मोजक्याच कंपन्या देतात. २०१० मध्ये शेव्रोलेने कॉर्व्हेटच्या ग्राहकांसाठी असाच एक पर्याय जाहीर केला. ५,८०० डॉलर जादा भरायचे, मिशिगनमधल्या विक्समला जायचं आणि आपल्या झेड०६ किंवा झेडआर१ या कॉर्व्हेट मॉडेलचं इंजिन तिथल्या कारागिराच्या शेजारी उभं राहून जोडायचं. पुढे हे काम केंटकीतल्या बोलिंग ग्रीनला गेलं. १९८१ पासून कॉर्व्हेट तिथेच तयार होते. इंग्लंडमधली परंपरा याहून जुनी आहे. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांची लोटस सेव्हन १९५७ पासून सुट्या भागांच्या रूपात मिळायची, कारण तयार गाडीवरचा खरेदी कर सुट्या भागांवर लागत नसे. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. केटरहॅम सेव्हन आजही खोक्यांमधून घरी मागवता येते.

पहिली चूक इथेच होते. लोक हे दोन्ही प्रकार एकच समजतात. कारखान्यात तुम्ही फक्त इंजिन जोडता, बाजूला रोज तेच काम करणारा माणूस असतो, आणि काही चुकलं तर तो तिथल्या तिथे थांबवतो. किटमध्ये, म्हणजे खोक्यांतून येणाऱ्या सुट्या भागांच्या गाडीत, अख्खी गाडी तुमची असते, काम महिनोन्‌महिने चालतं आणि थांबवणारं कोणी नसतं. पहिल्या प्रकारात हवी शिकाऊ माणसाची वृत्ती, दुसऱ्यात तपासनिसाची. घरी चार इंजिनं खोललेला माणूस कारखान्यात जाऊन 'मी हे असं करतो' म्हणू लागला, तर तो शिकायची संधी घालवतो. आणि कारखान्यातल्या दिवसाच्या भरवशावर किट मागवणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात कळतं की आपल्याला पुढची पायरी सांगणारं आता कोणी नाही.

टॉर्क रेंच: सगळ्यात जास्त चुका इथे

हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण इंजिन असो की सस्पेन्शन, बहुतेक बिघाडांचं मूळ इथे सापडतं.

टॉर्क म्हणजे बोल्ट पिळण्याचा जोर, आणि टॉर्क रेंच म्हणजे ठरवलेला जोर लागला की 'टक' वाजणारा पाना. बोल्टचं काम दोन भाग दाबून धरणं, आणि तो दाब बोल्ट किंचित ताणला गेल्यामुळे येतो. पण पान्यावर लावलेल्या जोरापैकी साधारण ९० टक्के जोर डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. बोल्ट ताणायला उरतात जेमतेम १० टक्के. म्हणून आट्यांना तेल लावलं की घर्षण कमी होतं, आणि रेंचवरचा आकडा तोच राहूनही बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. पुस्तिकेत कोरडे आटे सांगितले असतील तर ते कोरडेच ठेवा, तेल सांगितलं असेल तर तेलच लावा. 'थोडं तेल लावलं तर बिघडलं कुठे' हा विचार अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये आटे उपटून काढतो.

दुसरी चूक एककांची. अमेरिकन पुस्तिका फूट-पाउंडात बोलते, ब्रिटिश न्यूटन-मीटरमध्ये. १ फूट-पाउंड म्हणजे सुमारे १.३६ न्यूटन-मीटर. ५० न्यूटन-मीटरचा बोल्ट चुकून ५० फूट-पाउंडला कसला, तर प्रत्यक्षात ६८ न्यूटन-मीटर लागले. लहान बोल्ट एवढं सहन करत नाही. रेंचवर दोन्ही मापं छापलेली असतात, त्यामुळे काम सुरू करण्याआधी कोणत्या बाजूचा आकडा वाचायचा ते ठरवून दुसऱ्या बाजूवर सरळ चिकटपट्टी लावा.

तिसरी सवय म्हणजे खात्रीसाठी दोनदा 'टक' करणं. एकदा आवाज आला की हात थांबला पाहिजे. दुसऱ्या खेपेला बोल्ट आणखी थोडा फिरतो. मोठ्या रेंचने छोटे बोल्ट कसणंही टाळा, कारण मापाच्या अगदी खालच्या टोकाला रेंचचा आकडा भरवशाचा नसतो. आणि टॉर्क रेंचने बोल्ट सोडवू नका, त्यासाठी साधा पाना आहे.

आधुनिक इंजिनांत बरेच बोल्ट आधी ठरावीक टॉर्कला आणि मग ठरावीक अंशांत फिरवून कसायचे असतात. यातले काही कायमचे ताणले जातात. एकदा कसले की त्यांचं आयुष्य संपलं. सोडवलेला बोल्ट दिसायला नव्यासारखाच असतो, म्हणूनच तो पुन्हा लावायचा मोह होतो. लावू नका. सिलिंडर हेड कसताना क्रम मधून बाहेर, आणि एका दमात पूर्ण न कसता टप्प्याटप्प्याने.

कसलेल्या प्रत्येक बोल्टवर रंगाच्या पेनने रेघ ओढा. रेघ बोल्टच्या डोक्यावरून खालच्या भागावर गेली पाहिजे, म्हणजे तो नंतर ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसेल. मध्येच फोन आला, कोणी फोटो काढायला बोलावलं, की 'हा कसला होता का?' असा प्रश्न पडतोच. रेघ नसेल तर कसलेला नाही, हा नियम डोळे मिटून पाळा.

इंजिनाच्या पोटात

झेड०६ चं तेव्हाचं एलएस७ इंजिन ७ लिटरचं, ५०५ हॉर्सपॉवरचं. त्यात कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारे दांडे) टायटॅनियमचे आणि इनटेक व्हॉल्व्हसुद्धा टायटॅनियमचे. असं इंजिन हाताने जोडणाऱ्या कारागिराच्या नावाची पट्टी त्यावर लागते, आणि ग्राहकाने सोबत काम केलं तर त्याचंही नाव येतं. मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण जबाबदारी धातूवर कोरलेली राहते. मात्र त्या पट्टीकडे डोळे लावून काम केलं तर हात घाई करतात.

क्रँकशाफ्टला, म्हणजे पिस्टनांमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, आधार देणाऱ्या बेअरिंगच्या शेलला (अर्धगोल पातळ पट्टीला) आतल्या बाजूने उघड्या बोटांनी हात लावू नका. शेलची पाठ आणि ती जिथे बसते ती जागा स्वच्छ, कोरडी हवी. तेल फक्त क्रँककडच्या तोंडाला. पाठीमागे केसाएवढा कचरा राहिला तर शेल तिथे उचलला जातो आणि नेमक्या त्याच जागी झिजतो. बेअरिंगच्या कॅप एकमेकींच्या जागी लावून चालत नाहीत. कोणती कुठली आणि तिची दिशा कोणती, हे काढायच्या आधी लिहून ठेवा. प्रत्येक कॅप कसल्यावर क्रँकशाफ्ट हाताने फिरवून पाहा. पाचही कॅप कसून मग क्रँक जड लागला, तर दोषी कोण ते शोधायला सगळं पुन्हा खोलावं लागतं.

पिस्टन बसवतानाचा क्षण नीट समजून घ्या. पिस्टनवरच्या रिंगांची तोंडं (जिथे रिंग कापलेली असते त्या फटी) एकाच रेषेत न येता वेगवेगळ्या दिशांना वळलेली हवीत, आणि रिंगेवर खूण असेल तर ती वरच्या बाजूला. मग रिंगा आवळणारी पट्टी ब्लॉकला चिकटवून धरायची आणि हातोड्याच्या लाकडी दांड्याने हळूहळू ठोकायचं. पिस्टन सरकतो तेव्हा आवाज एकसारखा येतो. मध्येच आवाज बदलला, पिस्टन अडल्यासारखा वाटला, तर लगेच थांबा. पट्टीखालून एखादी रिंग निसटून ब्लॉकच्या काठावर अडकलेली असते. त्यावर आणखी एक ठोका म्हणजे तुटलेली रिंग. पिस्टन बाहेर काढा, रिंगा पुन्हा बसवा. दहा मिनिटं जातील, तेवढंच.

किट घरी आल्यावर

खोकी उघडली की थेट जोडायला बसू नका. आधी यादी घेऊन एकेक वस्तू तपासा. कमी निघालेला भाग पहिल्या दिवशी कळला तर काम अडत नाही. नट-बोल्टच्या पिशव्या एकत्र ओतणं तर कधीच नको.

केटरहॅम जोडणारे लोक डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा भाग) बसवण्याच्या कामाला कंटाळतात, आणि ते समजण्यासारखं आहे. तो जड असतो, जागा अपुरी असते, आणि दोन्ही बाजूंना वॉशर टाकून तो मध्यभागी आणावा लागतो. एकट्याने हे करायला जाऊ नका. मदतीला माणूस घ्या, चेसिसला आतून जाड कापड लावा, नाहीतर रंगाचे टवके उडतील.

सस्पेन्शनमधली एक चूक गाडी रस्त्यावर आल्यावरच कळते. गाडी स्टँडवर, चाकं लोंबकळत असताना सांध्यांमधल्या रबरी बुशांचे बोल्ट पूर्ण कसले जातात. मग गाडी खाली टेकली की ते बुश कायम पिळलेले राहतात. गाडी ठरल्यापेक्षा उंच उभी राहते, कडक चालते, आणि बुश लवकर फाटतात. हे बोल्ट आधी नुसते हाताने लावा आणि गाडी चाकांवर, नेहमीच्या उंचीला आल्यावरच कसा.

लक्षण दिसतंय, पण कारण सापडत नाही?

ब्रेकचा पेडल मऊ लागतोय, हवा कितीही काढली तरी सुधारत नाही: कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारे भाग) डावा-उजवा बदललेत का ते बघा. हवा काढायचं निपल सगळ्यात वर असलं पाहिजे. ते खाली आलं तर हवा वरच अडकून राहते आणि ब्रेक ऑइलचे डबे संपतात. सांडलेलं ब्रेक ऑइल रंग खातं, तेव्हा पाणी मारून लगेच धुवा.

इंडिकेटर लावला की मागचे दिवे मंद होतात, ब्रेक दाबला की भलताच दिवा पेटतो: आधी अर्थिंग तपासा. पावडर कोटिंग केलेल्या चेसिसवर अर्थची वायर थेट कसली तर तिला धातूचा स्पर्शच होत नाही. तेवढ्या जागचा थर खरवडून चकचकीत धातू उघडा करा, वायर कसा, वरून ग्रीस लावा. फ्यूज बदलत बसण्याआधी हे करा.

इंजिन तापतंय, पण हीटर थंडच: कूलंटमध्ये हवा अडकली आहे. सिस्टीमचा सगळ्यात उंच बिंदू शोधून तिथून हवा काढा.

पहिल्यांदा इंजिन सुरू करताना थेट सुरू करू नका. स्पार्क प्लग काढून, इंधन बंद ठेवून स्टार्टरने थोडं-थोडं फिरवा. ऑइलचा दाब दिसू लागला की मगच प्लग लावा. दाब येतच नसेल तर पुढे जाऊ नका. फिल्टर, ऑइलची पातळी, आणि ड्राय सम्प (ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणारी रचना) असेल तर त्याच्या नळ्या उलट जोडल्या आहेत का, हे पाहा.

कागदपत्रं आणि तपासणी

ब्रिटनमध्ये घरी जोडलेली गाडी आयव्हीए तपासणीतून (एकेका गाडीला मंजुरी देणाऱ्या सरकारी तपासणीतून) जावी लागते. लोक इंजिन चकाचक करतात आणि अडकतात धारदार कडांपाशी. बाहेरून अंगाला लागू शकेल अशी कड किमान २.५ मिलिमीटर गोलाईची हवी, म्हणून उघड्या बोल्टांना टोप्या आणि पत्र्याच्या कडांना रबरी पट्टी लावतात. वळण घेतल्यावर स्टीअरिंगने आपोआप सरळ यायला हवं, यातही हलक्या गाड्या मार खातात. गाडी स्वतः जोडल्याचा पुरावा म्हणून पावत्या आणि काम चालू असतानाचे फोटो लागतात, त्यामुळे फोटो पहिल्या दिवसापासून काढा, आणि काहींत तुम्ही स्वतः दिसा.

अमेरिकेत नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात एसबी-१०० कायद्याखाली अशा गाड्यांना उत्सर्जनाच्या नियमांत जी सवलत मिळते, ती एका कॅलेंडर वर्षात पहिल्या ५०० गाड्यांपुरतीच असते. तिथे राहणाऱ्याने नोंदणीचं वेळापत्रक आधी बघावं आणि जोडणीचं त्यावरून ठरवावं. बाकीच्या राज्यांतही किटची ऑर्डर देण्याआधी वाहन नोंदणी कार्यालयात जाऊन कोणते कागद लागतील ते लेखी मागून घ्या.