परदेशी दत्तकाच्या मंजुरीची वाट पाहताना : नागपुरातील घरच्यांसाठी

माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान भारतीय पासपोर्टवर परदेशात राहतात. नागपूर जिल्ह्यातील एक मुलगी दत्तक घेण्यासाठी त्यांची प्रक्रिया चालू असताना इकडची बाजू मी सांभाळली. अशाच प्रतीक्षेत असलेल्या घरांना उपयोग व्हावा, म्हणून त्या काळात जे उमगले ते लिहीत आहे.

सर्वप्रथम फाइल नेमकी कोणत्या टप्प्यावर आहे हे समजून घ्यावे, कारण 'अजून काही कळले नाही' या एका वाक्यात अनेक वेगवेगळ्या प्रतीक्षा दडलेल्या असतात. पालक राहतात तो देश आंतरदेशीय दत्तकाविषयीच्या १९९३ च्या हेग करारात सामील असेल, तर तेथील अधिकृत संस्था किंवा शासकीय प्राधिकरण पालकांच्या घरची परिस्थिती पाहून गृह अभ्यास अहवाल तयार करून केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे 'कारा'कडे, ऑनलाइन पाठवते. पालकांनी मुलाचा स्वीकार केल्यावर त्या देशाची संमती येते, मग कारा ना हरकत प्रमाणपत्र देते आणि त्यानंतर मुलाला सांभाळणारी येथील दत्तक संस्था आदेशासाठी अर्ज करते. बाल न्याय कायद्यातील २०२१ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली आणि दत्तकाचा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे, आला. म्हणून संस्था नागपूर जिल्ह्यात असेल, तर प्रकरण सिव्हिल लाइन्समधील जिल्हाधिकारी कार्यालयात जाते. अर्ज दाखल झाल्यापासून तो दोन महिन्यांत निकाली काढावा, असे कायदा सांगतो. विचारणा मात्र संस्थेमार्फत किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फतच करावी. ओळखीतून 'वर' फोन करण्याचा मोह टाळावा.

कागदपत्रांच्या मुदतींची एक वही ठेवावी. गृह अभ्यास अहवाल तीन वर्षे ग्राह्य असतो. पोलिसांचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्रे, पासपोर्ट यांच्या तारखा त्याच पानावर लिहाव्यात. आमच्या घरी बहिणीचे माहेरचे नाव जन्मदाखल्यावर एका आणि विवाह नोंदणीवर दुसऱ्या स्पेलिंगने होते, आणि ते आम्हाला फार उशिरा दिसले. प्रतिज्ञापत्र, नोटरी आणि अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचे सरकारी प्रमाणीकरण) यांत गेलेले दिवस आधीच वाचवता आले असते, याची मला आजही खंत वाटते.

सर्वाधिक वेळ मुलाच्या वैद्यकीय अहवालावर द्यावा. पालकांना तो आपल्या पसंतीच्या डॉक्टरकडून तपासून घेता येतो. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय असल्याने ती तपासणी झाली आहे का, आणि झाली असल्यास मूल वाहक आहे की रुग्ण, हे स्पष्ट विचारावे. वाहक मुलाचे आयुष्य सहसा निरोगी जाते. रुग्णाला मात्र आयुष्यभर उपचार आणि देखरेख लागते. परदेशातील डॉक्टरांच्या पाहण्यात हा आजार फारसा आला नसेल, तर येथील बालरोगतज्ज्ञाने त्यांच्यासाठी दोन ओळी लिहून देणे मोलाचे ठरते. हा प्रश्न विचारणे म्हणजे मुलाला नाकारण्याची वाट शोधणे नव्हे. आपण कोणाला घरी आणत आहोत हे जाणून घेण्याचा तो प्रामाणिक मार्ग आहे.

याच काळात मुलाचे आजचे जगणे टिपून ठेवावे. त्याला कोणती मावशी भरवते, ते मराठी ऐकते की हिंदी, वरणभात खाते की नुसती पेज, कोणत्या कुशीवर झोपते, अंधाराला घाबरते का, असे प्रश्न संस्थेला पालकांच्या वतीने लेखी विचारावेत. माझ्या भाचीला दुपट्याचा कोपरा मुठीत धरून झोपायची सवय होती. ते दुपटे न धुता बरोबर न्यावे असे तिथल्या मावशींनी सुचवले नसते, तर आम्हाला कधीच सुचले नसते.

मुलाचे छायाचित्र नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नये. संस्थेतील मुलाची ओळख उघड करण्यास बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदी आहे, आणि आजी-आजोबांचा आनंद कितीही खरा असला तरी त्यांना हे आधीच समजावून सांगावे. 'लवकर करून देतो' म्हणणाऱ्या मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नये. ठरलेले शुल्क केवळ अधिकृत मार्गाने भरून पावती घ्यावी.

ना हरकत प्रमाणपत्र आल्यावर आदेश होईपर्यंत पालक भारतात राहणार असतील, तर हमीपत्र देऊन मूल तात्पुरते त्यांच्या ताब्यात मिळू शकते. तेव्हा त्यांच्या राहण्याची सोय कूलर लावलेल्या शांत खोलीत करावी, विशेषतः एप्रिल-मे असेल तर, आणि पहिले काही दिवस पाहुण्यांची रीघ लागू देऊ नये. आदेशानंतर मुलाचा पासपोर्ट, दत्तक हेग करारानुसार झाल्याचे अनुरूपता प्रमाणपत्र आणि व्हिसा यांत आणखी काही काळ जातो, म्हणून परतीचे तिकीट बदलता येईल असेच काढावे. परदेशात पोहोचल्यावर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी मुलाच्या प्रगतीचा अहवाल तेथील संस्थेकडून जातो. त्याच्या तारखा त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवाव्यात.