जुन्या बाजारात गेलात की वस्तू आधी पालथी करून बघा

पुण्यात मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथे मी बरीच वर्षं जातोय. नवीन कोणी सोबत आलं की पहिला प्रश्न ठरलेला, एवढ्या ढिगाऱ्यात चांगलं काय ते कसं कळतं? माझं उत्तर एकच असतं. वस्तू हातात घ्या आणि पालथी करा. समोरची बाजू विकणाऱ्याने पुसलेली असते, घासलेली असते, कधी रंगवलेलीही असते, पण बूड, पाठ, कड, शेवटचं पान इकडे कोणी लक्ष देत नाही, आणि खरं काय ते तिथेच असतं.

जायचं सकाळी लवकर. सोबत कापडी पिशवी, सुटे पैसे, मोबाईलचा टॉर्च, एक छोटं लोहचुंबक (जुन्या स्पीकरमधलं असेल तरी चालेल), घड्याळवाले वापरतात तसं एक भिंग, आणि नाणी बघायची असतील तर खिशात मावणारा छोटा डिजिटल काटा. बास. अजून एक, घरूनच ठरवून जा की आज भांडी बघायचीत की पुस्तकं. सगळंच बघायला गेलात की काहीच नीट दिसत नाही, डोळे थकतात आणि मग शेवटी उगाच काहीतरी घेऊन येतो आपण.

भांड्यांपासून सुरुवात करा, कारण ती सगळ्यात लवकर शिकता येतात. तांबं, पितळ, कासं यातल्या कशालाच चुंबक चिकटत नाही, चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वरून नुसता मुलामा. आता पितळ आणि कासं यातला फरक, हा खरा मजेचा भाग आहे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कासं म्हणजे तांबं आणि कथील, आणि काशाला भाव जास्त. काळं पडलेलं असताना दोन्ही सारखीच दिसतात. मग भांडं पाच बोटांच्या टोकांवर तोलून धरायचं आणि कडेला नखाने टिचकी मारायची, पितळ लगेच गप्प होतं, काशाचा आवाज रेंगाळत राहतो. आवाज बद्द आला तर कुठेतरी तडा आहे, कासं आपटलं की तडकतं, त्यामुळे कड पूर्ण फिरवून बघा.

मला एकदा नळाच्या तोट्या आणि कुलपं यांच्या ढिगात एक वाटी दिसली, काळीकुट्ट, तळाला वाळलेला चुना. टिचकी मारली आणि आजूबाजूच्या एवढ्या गोंगाटातही तिचा आवाज कानात राहिला, खरं सांगतो छातीत धडधडायला लागलं. पालथी केली तर बुडाला टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं, पूर्वी आहेराच्या भांड्यावर नाव घालायचे ना, तशी. नाव झिजून गेलेलं, पण ‘श. १८५६’ स्पष्ट वाचता येत होतं. विकणारे मामा म्हणाले, "बघा साहेब, अठराशे छप्पनची आहे, पितळ पण जुनं, साडेतीनशे द्या." आता श. म्हणजे शके, त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतं (जानेवारी ते गुढीपाडवा या काळातलं असेल तर ७९), म्हणजे वाटी १९३४ च्या आसपासची. हा हिशोब पाठ करून ठेवा, भांड्यांवर, जुन्या पुस्तकांवर, पत्रिकांवर सगळीकडे लागतो. मी साडेतीनशेच दिले आणि मामांना सांगितलं की हे कासं आहे, पुढच्या वेळी वेगळं ठेवा. तेव्हापासून ते काशाचं काही आलं की माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात. घासाघीस जरूर करा, इथे सगळेच करतात, पण माणूस जोडला तर माल आपोआप दिसायला लागतो.

नाण्यांच्या बाबतीत मात्र सावध राहा. राम दरबार किंवा हनुमान असलेलं, १८१८ साल आणि ईस्ट इंडिया कंपनीचं नाव असलेलं नाणं कोणी दाखवलं तर हात जोडून पुढे जा, कंपनीने असली नाणी कधी पाडलीच नाहीत. व्हिक्टोरियाचा चांदीचा रुपया असेल तर काट्यावर ११.६६ ग्रॅमच्या जवळ यायला हवा, झिजलेला थोडा कमी भरेल, पण ९-१० आला तर सोडून द्या. १८७६ पर्यंतच्या नाण्यांवर राणी म्हणून उल्लेख आहे आणि १८७७ पासून सम्राज्ञी, त्यामुळे अक्षरं आणि साल जुळतंय का ते भिंगातून बघा. मग कडेवरचे दाते, एकसारखे हवेत, ओतीव नकलीच्या कडेवर बारीक जोड दिसतो. चुंबकाचा नियम इथे एका ठिकाणी मोडतो, १९४७ चा वाघवाला रुपया निकेलचा आहे, त्याला चुंबक चिकटणारच, म्हणून तो खोटा ठरत नाही. आणि कृपा करून नाणं चिंचेने घासू नका. घासलेल्या नाण्याला संग्राहक निम्मीही किंमत देत नाहीत, इतकी वर्षं टिकलेला रंग पाच मिनिटांत जातो आणि परत येत नाही.

देवादिकांच्या जुन्या तसबिरी येतात त्यात रवी वर्मा प्रेसची चित्रं शोधणारे खूप आहेत. हा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली जुनी चित्रं दगडावरून छापलेली, एकेका रंगासाठी वेगळा दगड. भिंगाखाली त्यातले ठिपके वेडेवाकडे, वाळू सांडल्यासारखे दिसतात, आणि हल्लीच्या ऑफसेट छपाईत ठिपक्यांची आखीव नक्षी दिसते. एवढं एक बघितलं तरी बऱ्याच नकला बाजूला पडतात. लक्ष्मी-सरस्वतीच्या साडीवर कोणीतरी जरीचे धागे आणि टिकल्या शिवलेल्या असतील तर खराब केलंय म्हणून टाकू नका, तेव्हा घरोघरी बायका असं सजवायच्या आणि आज त्याला वेगळी मागणी आहे. फ्रेम मात्र तिथल्या तिथे उघडू नका, कागद काचेला चिकटलेला असतो, ओढला की चेहराच निघून येतो.

पुस्तकात कव्हर सोडा, आतलं पान उघडा, आवृत्ती कितवी, छापखाना कोणता, किंमत आण्यात आहे का. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचं काही दिसलं तर निदान हातात घेऊन बघाच, तिथला देवनागरी टाईप इतका सुबक आहे की डोळे निवतात. वाचनालयाचा शिक्का असेल आणि ‘बाद’ असा शिक्का नसेल तर पुस्तक ज्यांचं त्यांना परत पोचवा. घरी आणल्यावर आठवडाभर वेगळ्या डब्यात ठेवा, कसर असली तर तुमच्या कपाटात घुसायला नको.

मोबाईल आणि अजून चालू असलेल्या कंपन्यांची घड्याळं यांच्या नादी मी लागत नाही, चोरीचा माल माहीत असून घेणं हाही गुन्हाच आहे. आणि शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू, हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षांपेक्षा जुनं, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकतं, परदेशातल्या भावाला भेट म्हणून पाठवायचं मनात असेल तर आधी चौकशी करा. जुनी मूर्ती कोणी हळूच पिशवीतून काढून दाखवली तर तिथून निघा, ती कुठल्या तरी देवळातली असू शकते.

ती वाटी घरी आणून नुसत्या चिंचेच्या कोळाने आणि राखेने हलक्या हाताने घासली, अक्षरांवर मुद्दाम जोर दिला नाही. रात्री झोपताना आई खोबरेल तेल घेऊन तिच्याने तळपाय घासते, थोड्या वेळात वाटीचं बूड काळं होतं, आणि सकाळी धुतली की ‘श. १८५६’ पुन्हा वर येतं.