प्राध्यापकांना ऑनलाइन शिकवायला तयार करायचंय? आधी लॅपटॉप मिटायला सांगा

आमच्या कॉलेजात सहकाऱ्यांना ऑनलाइन शिकवायला तयार करायचं काम २०२० पासून माझ्या गळ्यात आहे. मी संख्याशास्त्राची. संगणक विभागात कुणाला वेळ नव्हता आणि मला वेळेवर नाही म्हणता आलं नाही, एवढीच माझी पात्रता. पहिली कार्यशाळा सगळे घेतात तशीच घेतली: प्रोजेक्टरवर मूडल, म्हणजे ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर, उघडलं, हे बटण, ते बटण. सर्टिफिकेटं सगळ्यांना मिळाली, कोर्स एकाचाही उभा राहिला नाही. मग मी क्रम उलटा केला.

पहिल्या दिवशी कुणालाही शिक्षक म्हणून लॉगिन देऊ नका, विद्यार्थी म्हणून द्या. तेही फोनवर, कॉलेजचं वायफाय बंद करून, ज्याच्या त्याच्या डेटावर. बघायला मी माझाच २०२० चा व्हिडिओ ठेवते. ४८ मिनिटांचा अख्खा तास, नॉर्मल डिस्ट्रिब्युशन, कागदावर निळ्या पेनाने. त्यात मी मोठ्या आत्मविश्वासाने झेड-टेबल, म्हणजे संभाव्यतांचा बारीक आकड्यांचा तक्ता, दाखवते आणि फोनवर तिथे फक्त मुंग्यांची रांग दिसते. कुणीतरी विचारतंच, "मॅडम, १.९६ च्या पुढे काय लिहिलंय?" ०.४७५० लिहिलंय. हाच प्रश्न मला एका विद्यार्थिनीने परीक्षेच्या आदल्या रात्री विचारला होता. व्हिडिओ संपायच्या आत निम्मे फोन पालथे पडलेले असतात. त्यावर भाषण करू नका, चहा मागवा.

दुसरा दिवस कात्रीचा. प्रत्येकाने स्वतःचा एकच तास आणायचा, अख्खा विषय नाही. एकच प्रश्न विचारायचा: हे बघून झाल्यावर मुलाला काय करता आलं पाहिजे? "संकल्पना समजली पाहिजे" हे उत्तर घेऊ नका. "घसाऱ्याची नोंद करता आली पाहिजे" हे घ्या. इथे सगळ्यात जास्त वेळ जातो, जाऊ द्या. आमच्या इतिहासाच्या सरांनी अर्धा दिवस एका वाक्यावर घालवला आणि शेवटी तासातला जवळजवळ अर्धा मजकूर स्वतःच बाजूला काढला.

मग उरलेल्याचे तुकडे. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या कोर्सेसचा एक अभ्यास २०१४ मध्ये आला होता. मुलं सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओच नीट बघतात, असं त्यात दिसलं. मी सहाचा हट्ट धरत नाही, पण दहाच्या पुढे गेलं की कारण विचारते. दोन तुकड्यांच्या मध्ये काय ठेवायचं, हे मात्र मी आयआयटी मुंबईच्या पद्धतीवरून उचललं: व्हिडिओतच थांबायचं, प्रश्न टाकायचा, 'व्हिडिओ थांबवा, वहीत उत्तर लिहा' म्हणायचं आणि मगच पुढे बोलायचं. वर्गात आपण हे न सांगता करतो. कॅमेऱ्यासमोर बसलो की विसरतो.

'स्वयम'साठी, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या मंचासाठी, कोर्स करायचा असेल तर व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वयंमूल्यमापन असे चार भाग लागतात. आपल्या कॉलेजातल्या कोर्सलाही तोच साचा वापरा. शिवाय २०२१ पासून एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम'वरून करायची मुभा यूजीसीने दिली आहे, आधी ती २० टक्के होती. हे सांगितलं की मागच्या बाकावरचे थोडे सावरून बसतात.

रेकॉर्डिंगला स्टुडिओ लागत नाही. पुस्तकांचे दोन गठ्ठे, त्यांवर आडवी लाकडी पट्टी, पट्टीवर फोन, खाली कागद. काळं जाड स्केचपेन, एका कागदावर चारच ओळी. इयरफोनचा माइक लावा. आणि पंखा बंद करा, घाम येऊ दे; पंख्याची घरघर आपल्याला ऐकू येत नाही, माइकला येते.

मूडलची बटणं तिसऱ्या दिवशी, तीही तीनच गोष्टींपुरती. एक, भूमिका बदलून विद्यार्थ्याच्या नजरेने पान बघणं; शिक्षकाला दिसणारी असाइनमेंट मुलांपासून लपलेली असू शकते. दोन, 'ड्यू डेट' उलटली तरी मुलांना उत्तर जमा करता येतं, दार बंद होतं ते 'कट-ऑफ डेट'ला. यावरून आमच्याकडे एकदा चांगलं भांडण झालंय. तीन, क्विझमधल्या प्रत्येक चुकीच्या पर्यायाला एका ओळीचं उत्तर लिहिणं. 'चूक' एवढंच नाही, कुठे चुकलं ते.

"हे वर्कलोडमध्ये धरणार का?" हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. सात मिनिटांच्या पहिल्या व्हिडिओला माझी पूर्ण दुपार गेली होती. म्हणून कार्यशाळेची तारीख ठरवायच्या आधी प्राचार्यांकडे जा आणि तासांचा हिशेब लेखी घ्या. नुसत्या कौतुकावर लोक एक सत्र टिकतात.

शेवटी जोड्या लावा, पण वेगवेगळ्या विभागांतल्या. एकाने दुसऱ्याचा तुकडा विद्यार्थी होऊन करायचा आणि जिथे अडकलं तिथे खूण करायची. आमच्या भौतिकशास्त्राच्या मॅडमनी कॉमर्सच्या सरांचा घसारा केला आणि चार ठिकाणी लिहिलं, "इथे मी अडकले." सर दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुसरा तुकडा नव्याने रेकॉर्ड करून आणला, या वेळी पंखा बंद करून.