ऑल्टरपीस बघताय? चेहरे नंतर, आधी हात बघा

ऑल्टरपीस म्हणजे चर्चच्या वेदीमागे उभं केलेलं चित्र, जुनी बहुतेक लाकडी फळ्यांवर काढलेली. मी आधी सरळ मेरीचा (येशूच्या आईचा) चेहरा बघायचो, छान आहे म्हणायचो आणि पुढे सरकायचो, कारण बाकीचे संत सगळे सारखेच वाटायचे. ओळख पटते ती हातातल्या वस्तूवरून. चाव्या म्हणजे पीटर, काटेरी चाक म्हणजे कॅथरीन, ताटलीत दोन डोळे म्हणजे लुसी (हो, खरंच डोळे), मनोरा म्हणजे बार्बरा. एवढ्यावर बरंच भागतं.

मग साइज. मोठा तो महत्त्वाचा. इटलीतल्या सिएना शहराच्या कॅथेड्रलसाठी डुच्चो या चित्रकाराने १३०८ ते १३११ मध्ये केलेल्या चित्रात मेरी आजूबाजूच्या सगळ्यांपेक्षा केवढीतरी मोठी आहे, आणि तिच्या पायाशी गुडघे टेकून बसलेत ते शहराचे रक्षक संत.

आता बाजू, इथे सगळे गोंधळतात. उजवं-डावं आपलं नाही, चित्रातल्या येशूचं धरायचं, म्हणजे मानाची बाजू आपल्या डाव्या हाताला येते. फ्रान्समध्ये बोनच्या हॉस्पिटलसाठी रोगियर व्हॅन डर वायडेनने अंतिम न्याय (जगाच्या शेवटी येशू सगळ्यांचा न्याय करतो तो प्रसंग) रंगवलाय, त्यात येशूच्या उजवीकडे लिलीचं फूल, डावीकडे तलवार, आणि खाली देवदूत मायकल तराजू धरून उभा. पारड्यांत दोन इवलीशी नागडी माणसं, पुण्याचं पारडं वर गेलंय, पापाचं जड होऊन खाली. आणि गंमत म्हणजे ओढून नेणारा सैतान एकही नाही, माणसं आपल्याआपणच नरकाकडे पळत सुटलीत! वॉर्डातल्या पेशंटना हे समोर दिसायचं, विचार करा.

प्रत्येक वस्तूत अर्थ शोधत मात्र बसू नका. मेरोड नावाच्या ऑल्टरपीसमध्ये मेरीचा सुतार नवरा जोसेफ याच्या टेबलावर उंदराचा पिंजरा आहे, संत ऑगस्टीनने क्रूसाला सैतानासाठी लावलेला पिंजरा म्हटलं होतं म्हणून तो अर्थ लावतात, पण शेजारच्या हातोडी-खिळ्यांना सुताराची हत्यारं एवढंच म्हटलं तरी चालतं की.

आणि बिजागरीवाली दारं असतील तर बंद असतानाचं चित्र पण बघाच. बेल्जियममधल्या गेंटला व्हॅन आइक बंधूंच्या ऑल्टरपीसमध्ये (१४३२) बाहेरच्या बाजूला देवदूत मेरीला येशूच्या जन्माचा निरोप देतो ते चित्र आहे. देवदूताच्या निरोपाची अक्षरं सरळ आहेत, मेरीचं उत्तर मात्र उलटं लिहिलंय, डोकं खाली पाय वर. वरून देवाला वाचता यावं म्हणून.