कादंबरीतला मुलगा एकटा वाटतच नाही? या चुका टाळा

वयात येणाऱ्या मुलाची किंवा मुलीची गोष्ट हा बऱ्याच जणांचा पहिला खर्डा असतो. साहजिक आहे, कच्चा माल घरातच पडलेला असतो. गेली काही वर्षं ओळखीपाळखीतून असे खर्डे माझ्याकडे वाचायला येतात. माझा स्वतःचाही एक आहे, माळ्यावर. मुलगा एकटा, मग एक मित्र, मग काहीतरी बिनसतं, मग आपलं म्हणावं असं कुणी किंवा कुठलं तरी ठिकाण सापडतं किंवा सापडत नाही. साचा बरा आहे. घोळ होतो तो पुढच्या ठिकाणी.

दार लावलेली खोली

ही सगळ्यांत मोठी चूक, म्हणून तिच्यावर जरा जास्त वेळ घालवतो. पहिल्याच पानावर नायक आपल्या खोलीत, दार लावून, खिडकीशी बसून पाऊस बघत असतो. वडील कारकून, घर दोन खोल्यांचं, माणसं सहा, असं पाचव्या पानावर कळतं. मग ही खोली आली कुठून? अशा घरात दार लावलं की दोन मिनिटांत बाहेरून हाक येते, "आत काय चाललंय? दार कशाला लावलंस?"

एकांत आणि एकटेपणा हे मराठीत दोन वेगळे शब्द आहेत. आपल्याकडच्या बहुतेक मुलांना पहिला मिळत नाही आणि दुसरा हवा तेवढा मिळतो. वीस जणांच्या पंगतीत बसलेल्या मुलाला कुणीच काही विचारत नाही, हा आपल्याकडचा एकटेपणा. रिकामी खोली ही दुसऱ्या कुठल्यातरी हवामानातली गोष्ट आहे. ती पडद्यावरून आपल्या वहीत येऊन बसली आहे.

उपाय सोपा आहे. घराचा रात्रीचा नकाशा काढा. कोण कुठे झोपतं, कोणाच्या शेजारी कोण, दिवा कोण मालवतं, पहाटे कोणाच्या उठण्याने कोणाची झोप मोडते. मग एकच प्रश्न विचारा, याला रडायचं असेल तर हा कुठे जातो? मोरीत, नळ सोडून? गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे? गोठ्यात? की सायकल काढून उगाच नाक्यापर्यंत? उत्तर मिळालं की एक प्रकरण मिळालं. उत्तर मिळत नसेल तर तुम्हाला अजून घर दिसलेलं नाही, आणि घर दिसल्याशिवाय मुलगा दिसत नाही.

१९६३ साली आलेली भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' या दृष्टीने पुन्हा चाळून बघा. पांडुरंग सांगवीकर गावाहून पुण्याला येतो, होस्टेलात राहतो, भोवती सतत पोरं असतात. एकटेपणा त्या गोंगाटातूनच वर येतो. प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला लंपन तर आजी-आजोबांच्या मायेच्या घरात वाढतो. आईवडील दूर आहेत, एवढंच. छळ नाही, उपासमार नाही, तरी पोटात काहीतरी हलत राहतं. खर्ड्यांमध्ये मात्र मुलाला एकटं पाडायला बापाला दारू पाजावी लागते. दरवेळी गरज नसते हो.

"मला खूप एकटं वाटत होतं"

हे वाक्य खोडा. त्याचे भाऊबंदही खोडा: पोरकं वाटणं, आतून तुटणं, पोकळी. त्याऐवजी तो काय करतो ते लिहा. सुट्टीत डबा खायला तो मुद्दाम उशिरा जातो, म्हणजे कोणाशेजारी बसायचं हा प्रश्नच येत नाही. बास.

एकटेपणा कुठल्या व्यवस्थेतून आला?

पुष्कळ खर्ड्यांत मुलगा 'स्वभावानेच' एकटा असतो. असतात अशी मुलं. पण भारतात मुलांना एकटं पाडणाऱ्या पक्क्या व्यवस्था आहेत, त्यांच्याकडे बघायचंच नाही हा आळस आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याचं पोर घ्या. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, आणि दिवाळीच्या आगेमागे गाव रिकामं व्हायला लागतं. पोर बरोबर गेलं तर शाळा सुटते. मागे राहिलं तर आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात. वर्षातले पाच-सहा महिने. या मुलाला 'आपलं गाव' म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न तुम्हाला वेगळा शोधायची गरजच नाही.

किंवा नवोदय विद्यालय. १९८५-८६ पासूनची ही निवासी शाळा, प्रवेश सहावीत, परीक्षा देऊन. तिथे नववीतली ३० टक्के मुलं एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या नवोदयात पाठवायची पद्धत आहे: हिंदी मुलखातली अहिंदी भागात, आणि उलट. पंधराव्या वर्षी, नुकतं रुळल्यावर, पुन्हा सगळं अनोळखी. गप्पांपासून शिव्यांपर्यंत सगळं हिंदीतून. आणि वर्षाने परत आल्यावर जुन्या मित्रांचे गट बदललेले. यावर कादंबरी का नाही, मला खरंच कळत नाही.

शहरातच राहायचं असेल तर पुण्याच्या पेठांमधली 'कॉट बेसिस' खोली आहे. भाडं खोलीचं नसतं, खाटेचं असतं. चार खाटा, चार ट्रंका, भिंतीवर चार वेळापत्रकं, आणि स्पर्धा परीक्षेचा निकाल लागला की एक खाट रिकामी. नवा मुलगा येतो, जुन्याचा आरसा तसाच असतो.

मित्र म्हणजे नायकाची औषधाची बाटली

दुसरी मोठी चूक मैत्रीत. मित्र येतो, नायकाला समजून घेतो, दोन शहाणपणाची वाक्यं बोलतो, आणि शेवटाकडे अपघातात मरतो. त्याला स्वतःचं काही नको असतं, कधी कंटाळा येत नाही, नायकाचा राग येत नाही. मी एका खर्ड्याच्या समासात लिहिलं होतं, "याला घरी आई आहे का?" लेखक रुसला. पण लेखकाला माहीत नव्हतं, हे खरं.

मैत्री व्यवहारातून दाखवा. डबलसीट कोण बसतं आणि चढावर कोण उतरतं. गाइड कोणाचं, वापरतं कोण. वडापावचे पैसे एकाने तीनदा दिले आणि चौथ्या वेळी दोघंही खिसे चाचपत उभे राहिले. शाळकरी मैत्रीत हिशेब नसतो असं मोठी माणसं म्हणतात. मुलं पै-पैचा हिशेब ठेवतात, फक्त बोलत नाहीत. भांडण लिहायचं असेल तर त्या न बोललेल्या हिशेबातून काढा. 'गैरसमज झाला' हे कारण फार स्वस्त आहे.

मुलगा-मुलगी मैत्री असेल तर आणखी एक तपासणी करा: ते भेटतात कुठे, आणि त्यांना बघतं कोण? तालुक्याच्या गावात हे दोघं तासभर तळ्याकाठी बोलत बसले आणि संध्याकाळपर्यंत घरी कळलं नाही, असं होत नाही. क्लास सुटल्यानंतरची दहा मिनिटं, झेरॉक्सच्या दुकानातली रांग, एसटीतली एक सीट सोडून पुढची सीट. जागा जितकी अडचणीची, तितकं संवादाला वजन येतं.

आडनाव नसलेला नायक

"माझा नायक कुठल्याच जातीचा नाही, तो फक्त माणूस आहे." हे मी अनेकदा ऐकलंय. हेतू चांगला आहे. पण वर्गातली पोरं एकमेकांना आडनावानेच हाक मारतात, तीही मोडतोड करून: जोश्या, पाटल्या, कांबळ्या. आपलेपणाचा प्रश्न भारतात इथूनच सुरू होतो. नायकाला फक्त 'रोहन' ठेवलंत की वाचक आडनाव स्वतःच भरतो, आणि बहुतेकदा लेखकाचंच भरतो.

याच्या उलट टोकाची चूकही होते: अकराव्या प्रकरणात कुणीतरी उभं राहून तीन पानं जातिव्यवस्थेवर बोलतं. दोन्ही टाळा. प्रसंग शोधा. शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी शिपाई वर्गात येऊन यादीतली नावं मोठ्याने वाचतो आणि अर्धा वर्ग त्या मुलांकडे वळून बघतो. मित्राची आई प्रेमाने विचारते, "मूळ गाव कुठलं रे तुमचं?" खोली बघायला गेल्यावर घरमालक भाडं सांगायच्या आधी पूर्ण नाव विचारतो. कुणी वाईट बोललेलं नाही. मुलगा घरी जाताना मात्र थोडा वेगळा झालेला असतो.

काळाची उसनवारी

ही चूक पटकन सुधारता येते, म्हणून पटकन सांगतो. तुमचं बालपण आणि नायकाचं बालपण यांत वीस वर्षांचं अंतर असेल तर प्रत्येक वस्तूला तारीख लावा. महाराष्ट्रात दहावीची एसएससी १९७५ पासून. त्याआधीचा नायक अकरावी मॅट्रिकचा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणं थांबलं (पाचवी आणि आठवीत ते २०२३ नंतर परत आलं). त्यामुळे २०१४ साली सहावीत नापास होऊन मागे पडलेला नायक मला एका खर्ड्यात भेटला तेव्हा अख्खं कथानक कोसळलं, कारण त्याचा एकटेपणा त्या नापास होण्यावरच उभा होता. आणि २०१६ नंतर, स्वस्त डेटा आल्यावर, निरोप न मिळाल्यामुळे झालेली ताटातूट चालत नाही. निरोप मिळतो. व्हॉट्सअॅपवर निळ्या खुणा दिसतात. उत्तर येत नाही. ते जास्त लागतं.

मोठ्या घटनांचंही तसंच. मुंबईची कादंबरी असली की २६ जुलै २००५ येतोच. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढं पाणी लेखकाने आणलं की छोट्या पात्रांची भांडणं वाहून जातात. घटना ठेवायचीच असेल तर कोपऱ्यात ठेवा. त्या रात्री कोणाच्या घरी कोण अडकलं आणि त्याला कोणाचे कपडे घालावे लागले, एवढंच.

तू, तुम्ही आणि फार शहाणा निवेदक

घरातलं संबोधन चुकलं की घर खोटं वाटतं. आईला 'अगं, तू' आणि वडिलांना 'अहो, तुम्ही' असं पुष्कळ घरांत होतं. आताच्या शहरी घरांत बाबाही 'ए बाबा' झालेत. कुठलं ते ठरवा आणि टिकवा. मुलगा ज्या दिवशी 'तुम्ही' वरून 'तू' वर घसरतो, ते भांडण किती मोठं आहे हे सांगायला मग विशेषणं लागत नाहीत.

बोली फक्त अवतरणचिन्हांत ठेवून निवेदन शुद्ध पुस्तकी करणं हीदेखील एक सवय आहे. मुलगा बोलतो जालन्याचं आणि विचार करतो सदाशिव पेठेतला. तेरा वर्षांचा निवेदक 'अस्तित्वाची निरर्थकता' म्हणत असेल तर तो तेरा वर्षांचा नाही, चाळिशीतले तुम्ही आहात. त्याला चुकीचं समजू द्या. वाचकाला बरोबर कळतं.

शेवट: "आता मी मोठा झालो होतो"

शेवटचं प्रकरण लिहून झाल्यावर ते उडवून त्याच्या आधीचं प्रकरण शेवट म्हणून चालतं का बघा. दहात सात वेळा चालतं. मोठं झाल्याची घोषणा, गाडीची शिट्टी, हलणारा हात, हे सगळं त्या उडवलेल्या पानांत गेलेलं असतं.

एका खर्ड्यात असंच केल्यावर मागे उरलं ते हे: मुलगा होस्टेलातून दिवाळीला घरी येतो. रात्री सवयीने आपल्या कोपऱ्यात जातो. तिथे ज्वारीची दोन पोती लावलेली असतात. आई म्हणते, "अरे, आज इकडे टाक ना अंथरूण." आणि तो टाकतो.