आधी ऐकायला शिका: कुडाळहून रंगभूमीवर येताना

गेल्या महिन्यात गावी होते, तेव्हा शेजारच्या वाडीतली बारावीची मुलगी आईला घेऊन घरी आली. ताई, मला सिरियलमध्ये काम करायचंय, सुरुवात कुठून करू? हा प्रश्न मला वर्षाला दहा-बारा जणी तरी विचारतात. प्रत्येकीला फोनवर तुटक-तुटक सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून ठेवते.

माझी सुरुवात काकांपासून झाली. कुडाळ तालुक्यातलं आमचं गाव, आणि काका दशावतारी कंपनीत, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्याच्या मंडळात, स्त्रीपार्ट करायचे. पावसात शेती, आणि कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की आज या गावात नाटक, उद्या त्या गावात. सहा-सात वर्षांची असताना मी त्यांच्याबरोबर एका जत्रेला गेले. देवळाच्या बाजूच्या पडवीत रंगपट होता. पेटाऱ्यावर बसून मी त्यांना तयार होताना बघत होते. वीतभर आरसा भिंतीला टेकवलेला. तोंडाला रंग लावून झाला, भुवया काढून झाल्या, तोवर ते माझे काकाच होते. मग निऱ्या खोचून ते उभे राहिले, पदर डाव्या हाताने सारखा केला, आणि त्यांची मान बदलली. उंबऱ्यापाशी पाऊल आधी किंचित थांबलं, मग पुढे पडलं. माझ्या आजीचं पाऊल तसंच पडायचं. साडी नेसून रंगमंचावर कसं चालायचं, हे मी एका पुरुषाकडून शिकले आणि आजही त्याच चालीवर माझी भिस्त आहे.

दशावतारात लिहिलेली संहिता नसते. रंगपटात आख्यान ठरतं, कोणी काय करायचं ते वाटलं जातं, आणि मग मृदंग, पायपेटी आणि झांजेच्या साथीवर रात्रभर संवाद जागच्या जागी उभे राहतात. रंगमंचावर एक बाकडं, तेच सिंहासन आणि तोच पर्वत. समोरचा राजा काय बोलला ते कानात गेलं नाही, तर राणीकडे बोलायला काही उरतच नाही. काकांना मी विचारलं होतं, तुम्हाला एवढं सगळं सुचतं कसं? ते म्हणाले, 'आदी आयक, मगे बोल.' या वाक्याचा अर्थ मला पुढे पंधरा वर्षांनी कळला.

पारंपरिक कंपन्यांमध्ये बायका काम करत नसत, त्यामुळे तो रस्ता मला बंद होता. आता महिलांची दशावतारी मंडळं उभी राहिली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. मी कॉलेजातून शिरले. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली येतात, त्यामुळे विद्यापीठाच्या युवा महोत्सवात आपल्याला एकांकिका, मूकनाट्य, एकपात्री अशा स्पर्धांत उतरता येतं. कॉलेजात असाल तर ही संधी सोडू नका. त्यानंतर गावातली किंवा तालुक्यातली हौशी संस्था गाठा. कुडाळला बाबा वर्दम थिएटर्स आहे, कणकवलीला आचरेकर प्रतिष्ठान आहे. बारावी झाल्याझाल्या बॅग उचलून मुंबई गाठायची गरज नाही. शिकायला लागणारं बरंच काही इथे आहे, आणि इथे जेवायला घर आहे.

राज्य नाट्य स्पर्धेत मी पहिल्यांदा उभी राहिले ती रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात, प्राथमिक फेरीला. दोन महिने रोज संध्याकाळी सात ते दहा तालीम, त्यातले पहिले पंधरा दिवस नुसतं वाचन. मला वाक्यं होती नऊ. ती मी इतकी घोकली होती की झोपेतही म्हटली असती. प्रयोगात समोरचा नट एक वाक्य विसरला आणि त्याने प्रसंगातून वाट काढण्यासाठी मला भलताच प्रश्न टाकला. मी तो ऐकलाच नाही. माझं पाठ केलेलं वाक्य मी म्हणून टाकलं, नाटक एक पान पुढे उडालं, आणि त्या पानावर जिची एन्ट्री होती ती विंगेत हातात तबक घेऊन तशीच उभी राहिली. आमचा नंबर आला नाही. काका प्रेक्षकांत होते. परतीच्या एसटीत राजापूरपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, की त्याने तुला विचारलं होतं, तू त्याला उत्तर दिलं नाहीस.

संहिता हातात आली की आपण ऐकणं सोडतो, हा धोका प्रत्येक नव्या मुलीला आहे. तालमीत यावर एक उपाय मी अजून करते. माझी वाक्यं मी शेवटी पाठ करते. आधी समोरच्याची पाठ करते. तो काय म्हणाला म्हणून मला हे म्हणावंसं वाटलं, हे एकदा कळलं की आपलं वाक्य आपोआप बसतं, आणि तो चुकला तरी आपण अडत नाही.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची कलिना इथली अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, या तीन जागा डोळ्यांसमोर ठेवा. दिल्लीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे आणि तिथे पदवी लागते, म्हणून कॉलेज अर्धवट सोडू नका. घरच्या परिस्थितीमुळे मला यातलं काही जमलं नाही. तुम्हाला जमणार असेल तर जरूर जा.

आता भाषा. मुंबईत पहिल्याच महिन्यात मला एकांनी सांगितलं, तुझा मालवणी हेल घालव, नाहीतर काम मिळणार नाही. मी घाबरून वर्षभर गाववाल्यांशीही शुद्ध बोलत राहिले. आज तो सल्ला मला अर्धाच खरा वाटतो. प्रमाण मराठी यायलाच हवी. त्यासाठी रोज अर्धा तास वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचा, फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. वाक्याचा शेवट वर उचलला जातो का, 'ण'चा 'न' होतो का, ते आपल्या कानालाच सापडतं. पण मालवणी पुसू नका. रेवंडीच्या मच्छिंद्र कांबळी यांनी 1980 साली आलेल्या गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण' नाटकातून हीच बोली व्यावसायिक रंगभूमीवर मानाने उभी केली. 2016 मध्ये आकेरीला चित्रित झालेली 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका सुरू झाली आणि मालवणी घराघरांत पोचली. त्यानंतर ऑडिशनला 'मालवणी येते का' असं मला स्वतःहून विचारायला लागले.

मुंबईत पहिली दोन वर्षं मी परळला गाववाल्यांच्या खोलीशेजारी, एका मावशींकडे कॉटवर राहिले आणि एका व्यावसायिक नाटकाचं बॅकस्टेज केलं. प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातल्या वस्तू, जागेवर लावायच्या, कपड्यांना इस्त्री करायची, तिसरी घंटा झाली की विंगेत उभं राहायचं. चाळीसेक प्रयोग मी तिथूनच ऐकले. मग एका शुक्रवारी निरोप आला, की धाकट्या सुनेचं काम करणारी मुलगी आजारी आहे, रविवारी दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात दुपारचा प्रयोग तू कर. एकच तालीम मिळाली. पडदा उघडला तेव्हा माझे हात गार पडले होते. पण सासूबाईंच्या पहिल्या वाक्याला मला नुसतं त्यांच्याकडे बघून ऐकायचं होतं, आणि ते मला येत होतं. दोन तास मी त्यांचा हात सोडला नाही. त्या प्रयोगाची नाईट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, 700 रुपये मिळाली. ते पाकीट अजून जपून ठेवलंय.

म्हणून सांगते, बॅकस्टेजच्या कामाला नाही म्हणू नका.

मालिकेचं तंत्र वेगळं. सीन सकाळी सेटवर हातात येतो, कधी कधी शॉटच्या अर्धा तास आधी. आधी मास्टर होतो, म्हणजे सगळ्यांचा मिळून अख्खा सीन, मग एकेकाचे क्लोज, म्हणजे जवळून घेतलेले चेहऱ्याचे शॉट. जमिनीवर चिकटपट्टीचा मार्क असतो, न बघता त्यावर येऊन थांबायचं. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेसाठी कमावलेला आवाज इथे आवरावा लागतो, माईक तुमच्या छातीवरच लावलेला असतो. हे सगळं पंधरा दिवसांत अंगवळणी पडतं. एक गोष्ट मात्र कोणी शिकवत नाही. दुसऱ्याचा क्लोज चालू असतो तेव्हा कॅमेऱ्यामागे उभं राहून त्याला क्यू द्यायचे, म्हणजे आपली वाक्यं म्हणायची असतात. पुष्कळ जण तेवढ्यात मेकअप रूममध्ये जातात आणि असिस्टंट कोरड्या आवाजात वाक्यं वाचतो. माझ्या पहिल्या मालिकेत एका ज्येष्ठ अभिनेत्रीचं पॅकअप झालं होतं, खाली गाडी उभी होती. तरी त्या माझ्या क्लोजला थांबल्या, लाइटच्या स्टँडला टेकून, चष्मा काढून, आणि पुन्हा तितक्याच जीव ओतून बोलल्या. त्या शॉटमध्ये माझे डोळे भरून आले ते त्यांच्यामुळे. तेव्हापासून मी कोणाचाही क्लोज सोडून गेलेले नाही.

ऑडिशनला एकरंगी कपडे, केस चेहऱ्यावरून मागे, मेकअप जवळजवळ नाही. घरून पाठवायची असेल तर फोन आडवा धरा आणि उजेडाकडे तोंड करा. ऑडिशनसाठी, कार्डासाठी, 'नाव नोंदणी'साठी कोणी पैसे मागितले तर तिथून उठून या. काम देणारा पैसे घेत नाही, देतो.

आणि पैसे देतानाही उशीर होतो. मालिकेचं मानधन साधारण 90 दिवसांनी येतं, त्यातून 10 टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, जातो. तो परत मिळवायचा तर दरवर्षी आयकराचा रिटर्न भरा. माझी एक मालिका चार महिन्यांत बंद पडली आणि शेवटच्या महिन्याच्या पैशांसाठी मला वर्षभर फोन करावे लागले. त्या काळात उपयोगी पडलं ते बँकेत वेगळं ठेवलेलं सहा महिन्यांचं भाडं. करारावर सही करण्याआधी तो घरी आणून वाचा. महिन्याचे किती दिवस, दिवसाचे किती तास, आणि नाटकाच्या प्रयोगांसाठी शनिवार-रविवार मोकळे मिळणार का, हे लेखी घ्या. तोंडी कबूल केलेली सुट्टी शूटिंगच्या धावपळीत कोणाला आठवत नाही.

त्या बारावीच्या मुलीच्या आईने जाताजाता विचारलं, तुझ्या घरी कसं कबूल झाले? माझ्या बाबांनी दोन वर्षांची मुदत दिली होती. तेवढ्यात काही झालं नाही तर परत यायचं आणि बीएड करायचं. तो फॉर्म त्यांनी खरंच आणून कपाटात ठेवला होता. दोन वर्षं संपली त्या मे महिन्यात मी तुतारी एक्स्प्रेसने कुडाळला उतरले, घरी आले, जेवले. बाबांनी फक्त एवढंच विचारलं, परतीचं तिकीट कधीचं काढलंयस?