फोटोतला बैल एमडीएफवर उतरवताना

पोळ्याला पंधरा दिवस असताना आर्वीकडचे एक काका आमच्या रेडियमच्या दुकानात आले. मोबाइलमध्ये त्यांच्या पांढऱ्या बैलाचा फोटो होता. तान्ह्या पोळ्यात नातवाने आपलाच बैल मिरवावा, म्हणून ३ मिमी एमडीएफमधून, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या पातळ फळीतून, तो कापून हवा होता. मी तोवर नंबरप्लेटी आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवरची नावंच कापायचो. लेझर मशीन नुकतीच आली होती. फोटो इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला, ‘ट्रेस बिटमॅप’ केलं आणि फाइल लावून दिली. मशीन थरथरत, अडखळत चालली, कडा करपल्या आणि तुकडा उचलताना एक शिंग माझ्या हातात आलं.

“काहून बाप्पा, शिंगच गयलं याचं!” काका म्हणाले. मोडक्या शिंगाचा बैल पोळ्यात कोण नेईल? मला फार वाईट वाटलं.

फोटो म्हणजे रंगांच्या ठिपक्यांची जाळी. कापायच्या फाइलमध्ये मात्र फक्त नोड, म्हणजे बिंदू, आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा असतात. ट्रेस करताना सॉफ्टवेअर उजेड-अंधाराची एक मर्यादा धरतं आणि तिच्या कडेने रेघ ओढतं. बैल कुठे संपला नि गोठा कुठे सुरू झाला, हे त्याला कळत नाही. काकांच्या फोटोत पोटाखालची सावली मागच्या काळोखात मिसळली होती. त्यात व्हॉट्सअॅपने फोटो दाबून लहान केलेला, म्हणून कडा दातेरी. प्रत्येक दात्यावर नोड बसले आणि मशीन त्या प्रत्येकाशी थबकली. ‘सिम्प्लिफाय’ने नोड कमी होतात, पण दोन-तीनदा मारलं की शिंगाचं टोकही बोथट होतं.

म्हणून नव्या मुलांना माझं सांगणं आहे: फोटो ट्रेस करू नका, गिरवा. फोटो खालच्या लेयरवर लॉक करा, वर पेन टूल घ्या आणि वळण बदलेल तिथेच नोड द्या. वशिंडाचा चढ, गळ्याखालची पोळी, शेपटीचा गोंडा एवढं नेमकं आलं की बैल ओळखू येतो. दुसऱ्यांदा मी असाच काढला, सत्तरेक नोडमध्ये, आणि शिंगाचं बूड मुद्दाम जाड ठेवलं. नातवाचा पोळा साजरा झाला.

पांढऱ्या कागदावर काळ्या पेनने काढलेलं चित्र किंवा स्वच्छ लोगो असेल तर ट्रेस छान चालतं. त्या चित्राचा फोटो बरोबर वरून काढा आणि व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा, म्हणजे तो दाबला जात नाही. एक फसगत मात्र ठरलेली: पेनच्या रेघेला दोन कडा असतात, ट्रेस दोन्ही काढतो आणि मशीन दोनदा कापते. एकच रेघ हवी तर ‘सेंटरलाइन’ ट्रेस निवडा.

देवनागरीचं दुखणं वेगळं. टाइप केलेल्या नावात प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. तशीच फाइल दिली तर रेडियम कापणारा प्लॉटर तो जोडही कापतो आणि रेडियमचे तुकडे पडतात. आधी अक्षरांचे पाथ, म्हणजे नुसत्या रेघांचे आकार करा, मग युनियन, म्हणजे सगळे मिळून एकच आकार. ट्रॉलीवर रंगाने ‘विठ्ठल’ लिहायचा स्टेन्सिल करत असाल, तर ‘व’चं आणि ‘ठ’चं पोट गळून पडतं; तिथे बारीक पूल ठेवावे लागतात.

कापायच्या चित्राची डीएक्सएफ फाइल मशीनवर उघडली की आधी एक माप तपासा. मिलिमीटरचा आकडा इंच म्हणून वाचला गेला तर चित्र २५.४ पट मोठं होतं. पहिला तुकडा खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढा. आणि कापण्याचा क्रम स्वतः लावा: बैलाचा डोळा आधी, बाहेरची कड शेवटी. कड आधी सुटली तर बैल जागचा हलतो आणि डोळा भलतीकडेच पडतो.